नजारा आणि नजर

घरबसल्या विमान चालवण्याचा छंद आता आपल्याही घरांत शिरला आहे. मुलाच्या खोलीत संगणक, एक जॉयस्टिक, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि समोरच्या पडद्यावर बर्फाने झाकलेला हिमालय. वडीलधारी माणसे याला वेळेचा अपव्यय म्हणतात आणि विषय संपवतात. आम्हाला तो तिथे संपतो असे वाटत नाही. आम्ही स्वतः या छंदातले आहोत. तेव्हा आम्ही इथे पंच नाही, पक्षकार आहोत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळा आहे. यंत्राने रचून दिलेला पृथ्वीचा देखावा पाहून होणारा आनंद खरा की खोटा? आणि तो खरा असेल, तर त्यासाठी काय काय दृष्टीआड करावे लागते?

या यंत्राचा जन्म आनंदासाठी झालेला नाही. 1929 साली अमेरिकेतल्या एडविन लिंक या तरुणाने वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरून एक डोलणारी पेटी तयार केली. वर झाकण ओढले की आतल्या शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नसे. समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवायला शिकणे एवढेच काम. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या पिढ्या अशा आंधळ्या पेट्यांत घडल्या. म्हणजे उड्डाण शिकायला देखावा लागतोच असे नाही. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर आणला तेव्हा त्यातले शिकागो शहर म्हणजे काही रेघा आणि चार-दोन रंग होते, तरी लोक तासन्‌तास बसत. पुढे 18 ऑगस्ट 2020 रोजी फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या असोबो स्टुडिओने घडवलेली त्याची नवी आवृत्ती आली आणि अख्खी पृथ्वीच उपग्रहाच्या छायाचित्रांसह घरात आली. निर्मात्यांच्या सांगण्यानुसार ही सामग्री दोन पेटाबाइटहून, म्हणजे वीस लाख गिगाबाइटहून, अधिक आहे. ती आपल्या संगणकात मावत नाही. आपण उडत जाऊ तसतशी इंटरनेटवरून उतरत राहते. वैमानिकी शिकण्यासाठी एवढा पसारा कोणी मांडत नाही. देखावा आला तो आनंदासाठीच.

आणि आनंद आहेच. तो नाकारण्यात आम्हाला काही शहाणपण दिसत नाही. मुरूडवरून निघावे, जंजिरा उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याने दक्षिणेला जावे. श्रीवर्धन, मग बाणकोटची खाडी, हर्णै, दाभोळला वाशिष्ठीचे मुख, जयगडला शास्त्रीचे. ज्या वाटेने एकेकाळी वाडवडिलांची गलबते गेली ती वाट अर्ध्या तासात डोळ्यांखालून सरकते. आखातात पंचवीस-तीस वर्षे काढलेला कोकणी मुसलमान सुटीच्या दिवशी पडद्यावर आपल्या गावावर दोन घिरट्या घालतो, तेव्हा त्याला खेळ म्हणणे अवघड जाते. ज्याला चष्म्यामुळे, पायांमुळे किंवा बापाच्या खिशामुळे विमानाच्या चाकापर्यंत पोहोचता आले नाही, त्यालाही हे आभाळ व्हिसा न विचारता मिळते. ही छोटी गोष्ट नव्हे.

पण त्या गावावर घिरट्या घालणाऱ्याला एक गोष्ट हमखास जाणवते. खाडीचे वळण सापडते, टेकडी सापडते, स्वतःचे घर मात्र सापडत नाही. जागेवर घर असते. पण ते आपले नसते. याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. जगातल्या मोजक्या शहरांची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेऊन तिथल्या इमारती जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत. बाकी पृथ्वीवर यंत्र अंदाज बांधते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या ब्लॅकशार्क या कंपनीच्या यंत्रणेने वरून घेतलेल्या सपाट चित्रांतून छपरे ओळखली आणि जगभरात सुमारे दीड अब्ज इमारती रचल्या. उंची किती असावी, भिंत कशी, छप्पर उतरते की सपाट, हे त्या यंत्राचे अनुमान. अनुमान चुकते तेव्हा हसू येते. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा सुरुवातीला चक्क कचेरीची इमारत होऊन बसला होता. मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत 212 मजली सुळका उभा राहिला, कारण खुल्या नकाशात कोणीतरी मजल्यांच्या रकान्यात 2 ऐवजी 212 लिहिले होते. ती चूक नकाशात पुढे दुरुस्त झाली होती, पण यंत्राने घेतलेली प्रत जुनी होती.

राजवाड्याची चूक जगभर गाजली आणि पुढे राजवाडा नीट बांधून मिळाला. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या वस्तीची चूक कोण सांगणार, आणि सांगितली तरी कोण ऐकणार? लांबून पाहणाऱ्याने आपल्या मोहल्ल्याबद्दल सरासरीने अनुमान बांधावे, चार छपरांवरून चाळीस घरे ठरवावीत, हा अनुभव आपल्या वाचकांना संगणकाकडून शिकायची गरज नाही.

आता गुळगुळीतपणाकडे येतो, कारण या छंदाचे अर्धे सुख त्यातच आहे. पडद्यावरचे चित्र हलते असे वाटते ते सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे एकामागून एक येतात म्हणून. साठ चित्रे हवी असतील तर एक चित्र रंगवायला यंत्राला सतरा मिलिसेकंदही मिळत नाहीत. गंमत अशी की डोळ्याला मंद वेग चालतो, अनियमित वेग चालत नाही. सतत तीस चित्रे आली तर उड्डाण सुखाचे वाटते. साठवरून वीसवर आणि पुन्हा साठवर अशी उडी झाली की धावपट्टीवर उतरताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून यंत्र काटकसर करते. लांबचा डोंगर मोजक्या त्रिकोणांत आटोपते, जवळ जाल तसा तपशील वाढवते. जे आपल्या पाठीमागे आहे ते रंगवतच नाही. मान झटकन वळवली तर झाडे उगवताना सापडतात, जणू आपण पाहू नये ते पाहिले.

एवढी काटकसर पुरली नाही तर उरलेली आपल्याला करावी लागते. त्यासाठी सेटिंगच्या पानावर पट्ट्या दिल्या आहेत. ढगांचा दर्जा, झाडांची दाटी, पाण्यावरच्या लाटा. त्यांतच विमानतळावरची वाहने किती असावीत याची एक पट्टी आहे आणि कामगार किती असावेत याची एक, टक्क्यांमध्ये. मोठ्या विमानतळावर चित्र अडखळू लागले की अनुभवी मंडळी ढगांना आणि सूर्यास्ताला हात लावत नाहीत. कामगार शून्यावर आणतात. ते व्यवहार्यच आहे; त्याने प्रोसेसरवरचा भार खरोखर हलका होतो. दुबई असो, दोहा असो, संध्याकाळचे लाल ऊन धावपट्टीवर पसरलेले असते, विमान लोण्यासारखे टेकते, आणि सबंध विमानतळावर एक माणूस नसतो.

यावर कोणी म्हणेल, ती रंगवलेली माणसे. त्यांना काढून टाकल्याने कोणाचे काय बिघडले? काही नाही. आम्हीही तेच म्हणू. पण खऱ्या दुबईच्या, खऱ्या दोहाच्या विमानतळावर उन्हात सामान चढवणारा माणूस आपल्याच गावचा, नात्यातला असू शकतो. सुखाची गाडी अडखळू नये म्हणून प्रथम कोणाला दृष्टीआड करायचे, याचा निर्णय पडद्याबाहेरही असाच होत आला आहे, आणि तिथेही सूर्यास्ताला कोणी हात लावत नाही. खेळामुळे ही सवय लागते असे आम्ही म्हणत नाही. सवय जुनीच आहे. खेळात तिला फक्त आकडा मिळाला.

इमाम गझाली यांनी (1058-1111) ‘अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल’ या आत्मकथनपर ग्रंथात इंद्रियांवर किती विसंबावे याचा विचार केला आहे. त्यात ताऱ्याचा दाखला आहे. डोळ्याला तारा दीनाराएवढा दिसतो. भूमिती सिद्ध करते की तो पृथ्वीहूनही मोठा आहे. म्हणजे डोळ्याच्या साक्षीवर बुद्धीने फेरतपासणी करायची. आमच्यापुढच्या पडद्यावर मामला उलटा आहे. इथे भूमितीच डोळ्याच्या चाकरीला लागली आहे. डोळ्याला काय आवडेल, काय खटकेल, काय नसले तरी चालेल, याचा हिशेब आधी करून मग ती दुनिया रचते. मग तपासणी कोणी करायची? गझालींनी पुढे बुद्धीवरही शंका घेतली, पण तिथपर्यंत जाण्याची आमची पात्रता नाही. निदान हे अनुमान आहे, ही माहिती नव्हे, एवढी खूणगाठ आनंद घेता घेता बांधता येते. ज्याने ती बांधली नाही तो एखाद्या गावावरून तीनदा उडून आल्यावर ‘मी ते गाव पाहिले आहे’ असे म्हणू लागतो. असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत, आणि त्यांतले काही तर खऱ्या विमानातून गेलेले होते.

आमच्या संगणकावर ती पट्टी सध्या वीस टक्क्यांवर आहे. वीसमध्ये धावपट्टीपासून दूर दोन-तीन पिवळी जाकिटे दिसतात, आणि मोठ्या विमानतळावर उतरताना चित्र थोडे अडखळते.