शेवटच्या केमोनंतरचे आठवडे

गाझियाबादच्या शहीद स्थळ स्थानकातून निघणारी दिल्ली मेट्रोची रेड लाइन पूर्व दिल्लीतून यमुना ओलांडते आणि पार रोहिणीपलीकडच्या रिठाल्याला जाऊन थांबते. या एकाच मार्गालगत कॅन्सरची दोन मोठी रुग्णालयं आहेत. गाझियाबादची हद्द संपताच दिलशाद गार्डनला दिल्ली सरकारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट लागतं, तर दुसऱ्या टोकाला रोहिणीत १९९६ साली सुरू झालेलं राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. सकाळच्या गाडीत डोक्याला ओढणी बांधलेली, मास्क लावलेली, मांडीवर फायलींची पिशवी घट्ट धरून बसलेली बाई दिसली, तर ती कुठे उतरणार हे रोजच्या प्रवाशांना सांगावं लागत नाही. तिच्या शेजारची जागा बहुतेक वेळा नवऱ्याची किंवा मुलाची असते. हाच रस्ता आधी पार केलेली दुसरी बाई तिथे क्वचितच असते. या लेखाचा विषय ती दुसरी बाई आहे.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीत गाठतो. मुलांची दहावी-बारावी, सासूचे गुडघे आणि नोकरीतली बढती असं सगळं एकदम अंगावर असतं, नेमकं ते वय.

गाठ मोठी असेल, आजार काखेपर्यंत पोचला असेल किंवा तो हर-टू पॉझिटिव्ह अथवा ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा असेल, तर बहुतेक वेळा आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठरतो. घरच्यांना हा क्रम उलटा वाटतो. आजार अंगात ठेवून सहा महिने कसले थांबता, असं कोणीतरी वडीलधारं विचारतंच. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या बी-१८ या चाचणीने त्याचं उत्तर शोधलं. दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या अभ्यासात केमो आधी दिली काय किंवा नंतर दिली काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आधी दिल्याने गाठ आक्रसली आणि स्तन वाचवून शस्त्रक्रिया करणं जास्त जणींना शक्य झालं. आज आणखीही फायदा दिसतो: औषध लागू पडतंय की नाही हे गाठीकडे बघून कळतं.

मग ‘लाल दवाई’चे डोस होतात. ॲड्रियामायसिनच्या रंगावरून पडलेलं हे नाव दिल्लीच्या डे-केअरमध्ये शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे वापरतात. त्यानंतर बऱ्याच जणींना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. केस जातात, तोंड येतं, पायांच्या बोटांना मुंग्या येतात, नखं काळवंडतात. पण या पाच-सहा महिन्यांना एक वेळापत्रक असतं. ठरलेला वार, ठरलेली सिस्टर, रक्ताचा रिपोर्ट, शेजारच्या खुर्चीवर ओळखीचा चेहरा.

शेवटची बाटली संपते आणि हे सगळं एका दिवसात थांबतं.

शरीर सावरावं, रक्तपेशींचं प्रमाण वर यावं म्हणून शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा आठवड्यांनी ठरवतात. आठ आठवड्यांपलीकडे लांबवू नये असं शल्यविशारद सांगतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा विश्रांतीचा काळ. बाईच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत जास्त प्रश्नांचा आणि सगळ्यांत कमी भेटींचा काळ हाच. घरात पेढे आलेले असतात, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येतात आणि तिला रात्री झोप नसते. तक्रार केली तर कृतघ्न वाटेल, म्हणून ती गप्प राहते. उपचारांच्या आखणीतली ही मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायला महागडं यंत्र लागत नाही.

या आठवड्यांत पडणारा सर्वांत धोक्याचा प्रश्न साधा आहे: गाठ हाताला लागतच नाही, मग कापायचं कशाला? औषध चांगलं लागू पडलं की गाठ खरोखरच विरघळते. सोनोग्राफीवाल्यालाही ती सापडत नाही. म्हणून तर केमोच्या आधी किंवा सुरुवातीला गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून ठेवतात, नाहीतर पुढे कापायचं कुठे हेच कळणार नाही. पण हाताला न लागणं म्हणजे पेशी न उरणं नव्हे. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ते ठरतं, आणि पुढची औषधंही त्यावरच ठरतात. हर-टू प्रकारात आजाराचा अंश उरला असेल तर औषध बदलल्याने आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन चाचणीने दाखवलं. शस्त्रक्रिया टाळली तर ही माहितीच हाती येत नाही. शस्त्रक्रियेविना चालेल का, यावरही संशोधन सुरू आहे. २०२२ साली अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात काटेकोर निवडलेल्या ५० स्त्रियांपैकी ३१ जणींवर केवळ किरणोपचार झाले आणि पहिल्या दोनेक वर्षांत कोणाचाही आजार उलटला नाही. पण तो नियंत्रित प्रयोग होता. गाझियाबादच्या वसुंधरा किंवा इंदिरापुरममधल्या एखादीने घरी बसून घ्यायचा तो निर्णय नाही.

डॉक्टर हे सांगतात. ओपीडीतल्या गर्दीत पाच मिनिटांत सांगतात, तेही नवऱ्याकडे बघून. तेच एखादी बाई स्वतःच्या अनुभवातून सांगते, “माझीही गाठ लागत नव्हती, तरी मी केलं, आणि रिपोर्टमध्ये थोडं उरलेलं निघालं,” तेव्हा ते ऐकलं जातं.

हे काम पद्धतशीरपणे सुरू करणारी बाई न्यूयॉर्कची. टेरीस लॅसर यांचा स्तन १९५२ साली काढला गेला. हात कधी वर जाईल, कपडे कसे घालायचे, नवऱ्यासमोर कसं जायचं, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यांना रुग्णालयात उत्तर मिळालं नाही. मग त्या स्वतःच इतर स्त्रियांच्या खाटांशी जाऊ लागल्या. बरोबर एक छोटा संच असे: व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, शिवाय ब्लाउजच्या आत ठेवायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. रुग्णाने रुग्णाशी असं बोलणं अनेक शल्यविशारदांना रुचलं नाही. तरीही ‘रीच टू रिकव्हरी’ वाढत गेली आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिला आपल्यात सामावून घेतलं.

दिल्लीत हे बीज रुजवलं हरमाला गुप्ता यांनी. कॅनडात शिकत असताना त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा झाला. बऱ्या होऊन परतल्यावर इथे कॅन्सरबद्दल कुणी बोलतच नाही, हे त्यांना दिसलं. १९९१ साली त्यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या दिल्ली शाखेबरोबर ‘कॅन्सर सहयोग’ सुरू केलं. आजारातून गेलेले लोक दिल्लीच्या रुग्णालयांत जाऊन नव्या रुग्णांशी बोलू लागले. पुढे १९९६ साली त्यांनी ‘कॅनसपोर्ट’ स्थापन केली, जी दिल्ली आणि भोवतालच्या भागात घरी जाऊन परिहारसेवा (पॅलिएटिव्ह केअर) देते. मुंबईत ‘व्ही केअर’ची सुरुवातही कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली केली.

महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समिती आहे. तिथे मदतगटाची पाटी नसते. पण पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया असलेली आणि कालच टाके काढून आलेली अशा दोघी एका सभागृहात, एका रांगेत जेवायला बसतात. उत्तर प्रदेशातून परळला आलेल्या कितीतरी बायकांना पहिली खरी माहिती अशाच पंगतीत मिळाली असेल. गाझियाबादची बाई मात्र रोज घरी परतते. घर जवळ असण्याची ही एक न दिसणारी किंमत आहे. तिला पंगत मिळत नाही.

आणि ती माहिती असते तरी काय? शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी शोधायला निळा रंग टोचला तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते, घाबरायचं नाही. जखमेत नळी बसवलेली असते, तिची पिशवी किंवा डबी घेऊनच बऱ्याचदा घरी पाठवतात. रोज किती पाणी जमलं ते मोजून वहीत लिहायचं, ते दिवसाला साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. डबी अडकवायला कापडाची झोळी आधीच शिवून ठेवावी. समोरून उघडणारे कुर्ते, गाऊन काढून ठेवावेत, कारण हात डोक्यावर नेता येत नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे रोजचे डबे रुग्णालयात जाण्याआधी खाली घ्यावेत. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढण्याचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून न चुकता करावा. पुढे किरणोपचारांच्या वेळी हात डोक्याच्या वर धरून निजावं लागतं, आणि खांदा आखडला असेल तर तिथे अडतं. हे शेवटचं वाक्य व्यायामाच्या छापील कागदावर सहसा नसतं. ते कळलं की कंटाळणारी बाईसुद्धा भिंतीपाशी उभी राहते.

यांपेक्षा अवघड एक संभाषण उरतं. स्तन ठेवायचा की काढायचा? इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून किरणोपचार दिले, तरी पूर्ण स्तन काढण्याइतकंच आयुष्य मिळतं, हे त्यांतून पक्कं झालं. तरीही आपल्याकडे “पूर्णच काढून टाका, कटकट नको” हे वाक्य घरातली माणसं बोलून मोकळी होतात. नागपूर-साताऱ्याहून नोकरीच्या निमित्ताने गाझियाबादला आलेली मराठी बाई बिलांबद्दल डॉक्टरांशी हिंदीत उत्तम भांडते, पण हा विषय तिला आपल्या भाषेतल्या, आपल्यासारख्याच बाईशी बोलायचा असतो. दोन्ही प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या दोघी भेटल्या, तर निर्णय तिचा स्वतःचा होण्याची शक्यता वाढते.

इथे एक सावधगिरी हवी, कारण या विषयात भाबडेपणाने नुकसान झालेलं आहे. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार पसरलेल्या ज्या स्त्रिया आठवड्याला गटात भेटत होत्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. पण २००१ साली कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात हे अंतर उरलं नाही: १७.९ आणि १७.६ महिने. स्पीगल यांच्या स्वतःच्या २००७ सालच्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या गटांमध्ये मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. म्हणजे सोबतीने आयुष्य लांबतं असं कोणी सांगू नये. तसं सांगणं क्रूरही आहे, कारण मग जिचा आजार वाढत जातो तिला आपण पुरेसं ‘पॉझिटिव्ह’ राहिलो नाही असं वाटू लागतं.

दुसरा धडा पिट्सबर्गच्या व्हिकी हेल्गेसन यांच्या १९९९ सालच्या अभ्यासाचा. ३१२ स्त्रियांपैकी ज्यांना नीट माहिती देणारे वर्ग मिळाले, त्यांना फायदा झाला. नुसत्या एकमेकींशी मोकळं बोलण्याच्या गटांचा तसा फायदा दिसला नाही. घरून भक्कम आधार असलेल्या काहींना तर त्रासच झाला. ज्ञान हवं, मग सोबत.

चुकीची माहितीही सोबतीतूनच पसरते. एक उदाहरण घ्या. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन या भुलीच्या स्वस्त औषधाचं इंजेक्शन दिलं. ११ केंद्रांवरच्या १,५८३ स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. अभिमानाची गोष्ट. पण हा अभ्यास थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांवर होता. आधी केमो घेतलेल्या त्यात नव्हत्या. “मला ते इंजेक्शन का नाही दिलं,” ही केमो घेतलेल्या बाईची कळकळ समजण्यासारखी आहे, पण अर्धवट ऐकलेल्या बातमीतून आलेली. काढे, पपईच्या पानांचा रस आणि ‘अमक्या बाबांकडे जा’ यांचा तर हिशेबच नको.

म्हणून सोबत करणारी बाई निवडलेली आणि शिकवलेली हवी. तिचे स्वतःचे उपचार संपून काही काळ गेलेला असावा. ‘हे डॉक्टरांना विचार’ असं म्हणायला ती कचरू नये. आपला रिपोर्ट आणि समोरचीचा रिपोर्ट एक नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक असावं. आणि तिची भेट घडवून देण्याचं काम रुग्णालयाने करावं, तेही शेवटच्या केमोच्या दिवशी, डे-केअरमधून बाहेर पडण्याआधी. शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबर एक नाव आणि एक फोन नंबर, दोघींच्या संमतीने. याला खर्च जवळपास नाही. आजवर हे सर्वत्र झालेलं नाही, याचं कारण पैशांत शोधण्यात अर्थ नाही. रुग्णालयांनी याला उपचार मानलेलंच नाही.

दिल्ली-एनसीआरमधल्या मराठी मंडळांना गणेशोत्सवात दहा दिवस माणसं जमवता येतात. त्यांनी या दिवाळीत एक काम करावं: उपचार पूर्ण झालेल्या आणि बोलायला तयार असलेल्या सभासद स्त्रियांची यादी करावी, ‘कॅन्सर सहयोग’सारख्या संस्थेकडून त्यांचं प्रशिक्षण करून घ्यावं आणि ती यादी जवळच्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागाला द्यावी. आणि हा अंक वाचणारी तुमच्यापैकी जी कोणी या वाटेने जाऊन आली आहे, तिने पुढच्या तपासणीला जाईल तेव्हा डे-केअरच्या सिस्टरना आपला नंबर लिहून द्यावा आणि सांगावं, नव्या बाईला मला फोन करायला सांगा.