नळाखालचा अभिमान

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या गिरगावातल्या चाळीत नळाला पाणी आले, की वडील तांब्याच्या बंबात पहिली घागर ओतत आणि म्हणत, "पोरांनो, हे तानसाचे पाणी आहे. गंगा समजून अंगावर घ्या." वडील साधे कारकून होते. धरण बांधण्याशी त्यांचा संबंध पाण्याचे बिल भरण्यापुरताच. तरी तानसाचे नाव घेताना त्यांची छाती फुगे. तो अभिमान मला वारशाने मिळाला, आणि पुष्कळ वर्षे मी तो न तपासताच वापरला.

अभिमान वाटावा असे या शहरात आहेही पुष्कळ. मुळात ही सात बेटे. भरतीचे पाणी आत शिरे ते वरळीजवळचे खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बुजवले, तेव्हा कुठे मधल्या दलदलीची जमीन होऊ लागली. १८३८ साली कुलाबा जोडला गेला, १८४५ साली माहीम. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि १८६३ साली बोरघाट चढली. विहिरी आटून लोक हवालदिल झाले, तेव्हा कॉनिबेअरच्या योजनेप्रमाणे १८६० साली विहारचा तलाव झाला. मग तुळशी, १८९२ साली तानसा, १९५७ साली वैतरणेवरचा मोडकसागर. आता तर २०२४ पासून सुमारे २२ किलोमीटरचा पूल समुद्र ओलांडून न्हावा-शेव्याला गेला आहे. माणसाने समुद्राला आणि सह्याद्रीला वाट मागावी आणि ती मिळवावी, यात क्षुद्र असे काहीच नाही.

काही वर्षांपूर्वी वैशाखात एका स्नेह्यांबरोबर शहापूर तालुक्यात गेलो होतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची धरणे याच तालुक्यात. वाटेत एका पाड्यापाशी हंड्यांची रांग दिसली. बायका टँकरची वाट पाहत होत्या. सावलीला बसलेल्या एका म्हातारीला मी विचारले, "आजी, टँकर कधी येतो?"

"येईल तेव्हा खरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहून तिने विचारले, "तुम्ही मुंबईचे का? पाणी पोचते ना तुमच्याकडे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सासरी गेलेल्या मुलीची खुशाली विचारावी, तसे तिने विचारले होते. मी "हो" म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? पण त्या "हो"नंतर वडिलांचा अभिमान मला पहिल्यासारखा पेलेना.

यावर मीच माझ्याशी भांडलो आहे. धरण बांधले नसते तर शहर तहानेने आणि पटकीने मेले असते. ते बांधणारे कोणी दुष्ट नव्हते. शिवाय आज मी नळ बंद ठेवला, म्हणून त्या पाड्यावर एक हंडाही भरणार नाही. मग या हळहळीला अर्थ काय? नुसत्या हळहळीला खरोखरच काही अर्थ नाही, हे मला मान्य आहे. ती अभिमानाइतकीच फुकटची असते.

पण एक साधा व्यवहार आपण सगळे जाणतो. आजोबांचे घर ज्याने घेतले, त्याला आजोबांच्या कर्जाकडे पाठ फिरवता येत नाही. "घर माझे, कर्ज त्यांचे" असे म्हणणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. मग शहराच्या बाबतीत मात्र पराक्रम तेवढे "आमचे" आणि त्यांची किंमत मात्र कुणाचीच नाही, हे कसे? मी न बांधलेल्या धरणाचा अभिमान मला वाटू शकतो, तर मी न केलेल्या कर्जाची जबाबदारीही मला लागू शकते. दोन्ही एकाच खात्यावर आहेत.

त्यातले काही कर्ज फिटण्यापलीकडचे आहे. बोरघाटाचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येताच थोड्या दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे नेले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या घाटात हजारो मजूर खपत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी गेले, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना आता काय देणार? मेलेल्यांचे ऋण स्मरणानेच मानायचे.

पण शहापूरची म्हातारी मेलेली नव्हती. तिचे देणे फिटण्याजोगे होते. शंभर किलोमीटरवर पाणी नेण्याची विद्या ज्यांना एकोणिसाव्या शतकात साधली, त्यांना धरणाकाठच्या पाड्यावर नळ नेणे अवघड असू नये. अडते ते शास्त्रापाशी नाही; आपल्याला कोणाचे देणे आहे, हे कबूल करण्यापाशी अडते. ती कबुली अभियंता देऊ शकत नाही. ती पाणी पिणाऱ्याने द्यायची असते, आणि पाणी पिणाऱ्याने मागितल्याखेरीज नगरपालिका किंवा सरकार आपण होऊन तो नळ नेईल, असे मला वाटत नाही.

यंदाही पहाटे उठेन, उटणे लावीन. नातवंडांना वडिलांसारखेच सांगेन की हे तानसाचे पाणी आहे, मोठ्या विद्येचे आणि मोठ्या कष्टांचे आहे. फक्त त्यापुढे आजीचा प्रश्नही सांगेन. वडिलांनी अर्धाच हिशेब दिला होता. उरलेला अर्धा देणे माझ्याकडे आले आहे.