पिलांजवळची मरळ

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो वाचकबंधुभगिनींपुढे ठेवावा असे बरेच दिवस घाटत होते. प्रसंग लहान आहे, एका माशाचा आहे. तरीही शब्बाथशाळेत मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याने बराच अडचणीत टाकले, म्हणून हे लिहितो.

बडोद्याच्या आसपास तळ्यांना तोटा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आजवा आहे, डभोईकडे शेतीसाठी बांधलेले वढवाणा आहे. वढवाण्याला हिवाळ्यात इतके परदेशी पक्षी उतरतात की २०२१ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. आमची धाव मात्र अशा नामांकित जलाशयांकडे नसते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सुट्टी लागली की मुलांना घेऊन डभोईच्या बाजूच्या एका गावतळ्यावर गळ टाकायला जातात. तळ्याचा इजारा ज्याच्याकडे आहे त्याला विचारून, त्याचे पैसे देऊन मगच बसतात. हे मुद्दाम सांगतो, कारण चोरीचा प्रश्न येथे नाही. बसण्यापूर्वी काठावर मगर पहुडलेली नाही ना हेही पाहतात. ज्या शहराच्या मधून विश्वामित्री मगरींसह वाहते त्या शहरातल्या माणसांना ही सवय शिकवावी लागत नाही.

त्या दिवशी सकाळपासून गळाला काही लागले नव्हते. उन्हाने मुले कंटाळली. इतक्यात दाजींनी बोट दाखवले. काठापासून सात-आठ हातांवर पाणी उकळल्यासारखे हलत होते, आणि त्यात नारिंगी रंगाचा एक पुंजका वर येई, खाली जाई. “मरळीची पिले,” दाजी म्हणाले, “म्हणजे मरळ खाली आहे.”

ज्यांना हा मासा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मरळ ही शिकारी जात. लांबट अंग, सापासारखे डोके, तोंडभर दात. पाण्याबाहेरची हवा घेऊन ती जगते, म्हणून बाजारात जिवंत मिळते आणि भावही चांगला येतो. हैदराबादेस जून महिन्यात दम्याचे औषध तोंडात घालून जो जिवंत मासा गिळतात, तो याच जातीचा. तिची विशेष गोष्ट अशी की बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात, पण मरळीचे नरमादी राहतात. पाणगवतात जागा करून अंडी घालायची, ती फुटली की पिलांच्या थव्याखाली कित्येक आठवडे पहारा द्यायचा. पिले श्वासासाठी वर आली की आईबापही जवळपासच असतात. त्या थव्यात काहीही शिरले तरी मरळ त्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे, पिले राखण्यासाठी.

मुरलेल्या गळकऱ्याला हे सारे ठाऊक असते. दाजींनी गळाला एक बेडूक लावला आणि नेमका पुंजक्याच्या मधोमध टाकला. दोन क्षणांत काठी वाकली. दीड-दोन किलोचा मासा काठावर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दाजी म्हणाले, “थांबा, जोडीदार असेल.” पुन्हा बेडूक, पुन्हा तीच जागा, आणि खरोखरच दुसरीही आली. दोन्ही ओल्या पोत्यात घातल्या.

मग माझी नऊ वर्षांची भाची पाण्याकडे पाहत राहिली. पुंजका आता फाटला होता. थोडी पिले इकडे, थोडी तिकडे. खालून लहान मासे त्यांच्यावर झडप घालत होते. एक खंड्या दोनदा येऊन गेला. ती म्हणाली, “मामा, आता त्यांना कोण बघणार?”

वाचकहो, मरळ पोत्यात जिवंत होती. अजून तासभर तरी ती जगली असती. एक सोडून द्यायला मला कोणी अडवले नव्हते. मी भाचीला म्हणालो, “देव बघतो,” आणि रात्री आम्ही मरळीचे कालवण खाल्ले. चव उत्तम होती, तेही खरे सांगितले पाहिजे. माझ्या उत्तरात शास्त्राविरुद्ध काही नव्हते. पण देवाचे नाव मी त्या वेळी पोत्याचे तोंड बांधायला वापरले, हे मला रात्री अंथरुणावर कळले.

मासे खाणे पाप आहे असे मी म्हणत नाही. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी विस्तव करून शिष्यांना मासे खाऊ घातले. आपण त्याहून सोवळे होण्याचे कारण नाही. शुभवर्तमानांत जाळी पुष्कळ आहेत, आणि गळही एकदा आहे: मंदिराची पट्टी भरण्यासाठी पेत्राला गळ टाकायला सांगितले तेव्हा. तेव्हा गळही निषिद्ध नाही. आपल्या देशाच्या १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावण्यास आणि विष घालण्यास मनाई केली. दाजींनी तसे काहीच केले नव्हते. कायद्याने, पैशाने, शास्त्राने पाहिले तरी ते निर्दोष होते. मग सलते ते काय?

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तोही उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन तळ्यावर जातो. तिकडचे वॉलाय आणि पाईक हे मासे धरतो. फोनवर त्याला हे सांगितले. तो म्हणाला, “आमच्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत या माशांची शिकार बंदच असते. त्यांची अंडी घालण्याची वेळ ती.” चांगला नियम आहे. पण पाईक आणि वॉलाय अंडी टाकून चालते होतात. त्यांना राखायला दिनदर्शिका पुरते. मरळीचे तसे नाही. ती सापडते ती तिच्या हावरेपणामुळे नाही, पिलांजवळून हलत नाही म्हणून सापडते. इतर मासे आपल्या भुकेने मरतात, ही आपल्या पहाऱ्याने मरते. आपण गळाला बेडूक लावला असे समजतो, पण खरे आमिष तिची पिले असतात.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे, जिच्यावर मी उपदेश ऐकल्याचे आठवत नाही. वाटेत पाखराचे घरटे दिसले तर पिले घ्यावीत, पण त्यांच्यावर बसलेल्या आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे. नीट पाहा: खाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती पिलांवरून न उठणाऱ्या आईला, ती उठत नाही म्हणून सहज हाती लागते तेव्हा, धरण्याला. या आज्ञेला जे वचन जोडले आहे, कल्याण होण्याचे आणि दीर्घायुष्याचे, तेच आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडले आहे. जुन्या यहूदी गुरूंच्याही हे लक्षात आले होते. ही सर्वांत हलकी, पैशाच्या मोलाची आज्ञा, आणि हिला एवढे प्रतिफळ, याचे त्यांना नवल वाटले.

कोणी म्हणेल, ही आज्ञा पाखरांची, माशांची नव्हे. आणि माशाला माया कोठली, ती तर जन्मजात खोड. शिवाय पौलानेच बैलाविषयीच्या आज्ञेबद्दल विचारले आहे की देवाला बैलांचीच काळजी आहे काय, की हे आपल्यासाठी लिहिले आहे? मला हा आक्षेप मान्य करायला हरकत नाही. मरळीच्या मनात काय चालते ते मी सांगू शकत नाही. पण आज्ञा आपल्यासाठी असेल, तर प्रश्न अधिकच जवळ येतो. दुसऱ्याच्या ठायी जे सर्वांत चांगले आहे तेच धरून त्याला ओढायचे, याची हाताला सवय लागली तर तो हात तळ्याच्या काठावरच थांबतो का?

हुंड्याचेच पाहा. १९६१ सालापासून तो कायद्याने बंद आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तर त्याचे नावही कोणी घेत नाही. तरी ‘मुलीच्या सुखासाठी काय करायचे ते तुम्ही कराच’ हे वाक्य आपल्या घरांतून ऐकू येते. ते बोलणाऱ्याला ठाऊक असते की बाप मुलीजवळून हलणार नाही. हलणारा असता तर त्याच्यावर गळ टाकलाच नसता. आजारी लेकराच्या आईला महागडे औषध विकणारा, मुलाच्या प्रवेशासाठी बापाला कर्जात घालणारा, हे सगळे त्याच नारिंगी पुंजक्याच्या मधोमध टाकतात. आणि त्यांतही बहुतेकांचा व्यवहार कायदेशीरच असतो.

पोटासाठी मासे धरणाऱ्या भोई बांधवाला मी हे सांगायला जाणार नाही. त्याचीही पिले घरी आहेत. आम्ही मात्र पेट्रोल जाळून सुट्टीची मौज करायला गेलो होतो.

यंदाही मे महिन्यात गेलो. दाजींशी मी याविषयी बोललो नव्हतो. ते वडीलधारे, आणि तळ्यावर नेणारेही तेच. दिवसभरात दोन लहान रोहू लागले. ताई म्हणाली, एवढ्यात सहा जणांचे काय होणार! परतताना गाडीत भाची माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मामा, सकाळी मला तो नारिंगी पुंजका दिसला होता. मी बाबांना दाखवला नाही.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग वाटले, लेक बापापासून लपवायला शिकली ती माझ्या गप्प बसण्यामुळे. पुढच्या रविवारी दुपारी दाजींकडे जायचे ठरवले आहे.