मागला डाव आणि पुढला निर्णय

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकूं येते, आणि तिच्या सत्यतेविषयीं सहसा कोणी शंका घेत नाहीं. परंतु ठेच लागणाऱ्याचें पाऊल चुकलें होतें, कीं वाट बरोबर असूनही अंधारांत दगड आडवा आला, हें पाहिल्यावांचून मागच्यानें वाटच सोडून दिली, तर तो शहाणा झाला असें म्हणतां येईल काय? उलटपक्षीं, पुढचा सुखरूप पार झाला एवढ्यावरून मागच्यानें डोळे मिटून त्याच वाटेनें जावें काय? गत गोष्टींपासून बोध घ्यावा, हें सर्वांस मान्य आहे. तो कसा घ्यावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो आम्ही येथें करूं इच्छितों.

या कामीं एका अप्रतिष्ठित खेळाचा दृष्टान्त फार उपयोगी आहे. तो खेळ म्हणजे पोकर. पैसे लावून खेळण्याची आम्ही भलामण करीत नाहीं. आपल्याकडील जुगारप्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें 2025 सालीं केला. परंतु खेळ त्याज्य म्हणून त्यांतील विचारही त्याज्य ठरत नाहीं. जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञानें ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या साह्यानें 1944 सालीं जो प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, त्यांत पोकरचें गणिती विवेचन आहे. बुद्धिबळांत सर्व सोंगट्या डोळ्यांपुढें असतात. पोकरमध्यें प्रतिपक्षाचीं पानें झांकलेलीं, आणि पुढें उघडणारीं पानें कोणासच ठाऊक नसलेलीं. संसारांतले आपले बहुतेक निर्णय या दुसऱ्या जातीचे असतात.

एका गड्याच्या हातीं दोन एक्के आहेत आणि दुसऱ्याच्या हातीं दोन बादशहा. दोघांनींही सर्व पैसे लावले. शंभर वेळां असा प्रसंग आला, तर सुमारे 82 वेळां एक्केवाला जिंकेल आणि सुमारे 18 वेळां बादशहावाला. आतां आज त्या अठरांपैकीं एक वेळ आली आणि एक्केवाला हरला, तर त्यानें काय शिकावें? 'एक्के हातीं असतां पैसे लावूं नयेत' हा धडा त्यानें घेतला, तर तो अनुभवानें शहाणा न होतां मूर्ख होईल. म्हणून या खेळांतले जाणते लोक मागला डाव तपासतांना निकाल बाजूस ठेवतात. त्या घटकेस आपणांस काय ठाऊक होतें, प्रतिपक्षाजवळ काय असण्याचा संभव होता, आणि तेवढ्या माहितीवर आपण लावलेली रक्कम योग्य होती कीं नाहीं, एवढेंच ते पाहतात. हरलेला डाव निर्दोष ठरूं शकतो, व जिंकलेला डाव सदोष. हें दुसरें मान्य करणें पहिल्यापेक्षां कितीतरी कठीण आहे. कारण जिंकलेला डाव पुन्हां उघडून पाहण्याची इच्छाच कोणास होत नाहीं.

हीच गोष्ट अगदीं निराळ्या क्षेत्रांत, पत्त्यांशीं कांहीं संबंध नसलेल्या लोकांत, पाहावयास मिळते. कोल्हापूरजवळ पुणें-बंगळूर महामार्गावर पुलाची शिरोली येथें जी औद्योगिक वसाहत आहे, ती फौंड्रींसाठीं प्रसिद्ध आहे. वाळूच्या साच्यांत लोखंडाचा रस ओतून तेथें यंत्रांचे भाग घडविले जातात. शिस्तीच्या फौंड्रींत भट्टीच्या प्रत्येक ओतीला क्रमांक असतो. रसाचे घटक, त्याचें तपमान, वाळूंतील ओलावा यांची नोंद ओतण्याच्या वेळींच होते. पुढें एखाद्या भागांत वायूची पोकळी निघाली, तर त्या क्रमांकावरून मागें जातां येतें. ही नोंद दोष निघाल्यावर केली असती, तर तिला कवडीचीही किंमत राहिली नसती. कारण दोष ठाऊक झाल्यावर प्रत्येकास आपल्या सोयीचेंच आठवतें. आणि केवळ टाकाऊ भागांच्याच नोंदी चाळल्या, तरी सत्य हातीं लागत नाहीं. रस थोडा थंड असतांना ओतूनही भाग चांगला निघाला, असें कितीदां घडलें, हें चांगल्या भागांच्या नोंदी पाहिल्याखेरीज समजावें कसें?

येथें नीतीचा प्रश्न उभा राहतो. समजा, एका पर्यवेक्षकानें सर्व नियम पाळले आणि तरीही माल बिघडला. दुसऱ्यानें घाईनें नियम मोडले आणि माल उत्तम निघाला. पहिल्यास दंड व दुसऱ्यास शाबासकी दिली, तर मालकानें न्याय केला असें होत नाहीं. त्यानें नशिबास पगार दिला, एवढेंच झालें. आणि पुढल्या पाळीस सर्वांस घाईच शिकविली. आपणही घरीं हेंच करतों. अभ्यास न करतां गुण मिळविणाऱ्या मुलाचें कौतुक होतें. वडिलांची शस्त्रक्रिया वैद्यांच्या सल्ल्यानें, पूर्ण विचार करून करविली आणि ती यशस्वी झाली नाहीं, तर मुलगा जन्मभर स्वतःस अपराधी समजतो, आणि नातलग त्याच्या त्या समजुतीस खतपाणी घालतात.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, कीं पत्त्यांचा डाव हजारदां येतो, फौंड्रींतली ओत रोज होते. आयुष्यांतील मोठा प्रसंग एकदांच येतो, तेथें शंभरांत किती हा हिशेब कसा करावा? याचें उत्तर शिरोलीच्याच परिसरांत आहे. पंचगंगेच्या 2005 सालच्या महापुराची खूण अनेकांनीं मनांत धरून ठेविली होती: तेव्हां येथवर पाणी आलें नाहीं, तें आतांही येणार नाहीं. ऑगस्ट 2019 मध्यें राजाराम बंधाऱ्याजवळ, जेथें धोक्याची पातळी 43 फूट मानली आहे, पाणी 55 फुटांच्या वर गेलें. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखालीं राहिला. जुलै 2021 मध्यें तो पुन्हां बंद पडला. एका पुराचा अनुभव म्हणजे एका डावाचा निकाल; त्यास मर्यादा समजणें ही चूक. प्रसंग एकदांच येतो म्हणून हिशेब सुटत नाहीं. उलट, एकाच अनुभवावर भिस्त ठेवणें अधिक धोक्याचें होतें.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. फळाकडे पाहूं नये असें ठरलें, तर प्रत्येक बेजबाबदार अधिकारी म्हणेल, 'निर्णय बरोबर होता, दैव आडवें आलें.' ही पळवाट खरी आहे, आणि ती बुजविण्याचा उपाय एकच: निर्णयाचीं कारणें निकालापूर्वीं लिहून ठेवणें. ज्यानें तीं लिहिलीं नाहींत, त्यास दैवाची सबब सांगण्याचा अधिकार नाहीं. शिवाय दोष आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या निर्दोष निर्णयानेंही दुसऱ्याचें नुकसान झालें असेल, तर तें भरून देण्याची जबाबदारी उरतेच. पश्चात्तापाचें ओझें मात्र उरूं नये.

महाभारतकारांस हा विषय चांगला ठाऊक होता. पहिल्या द्यूतांत गेलेलें सर्वस्व धृतराष्ट्रानें परत दिलें असतां युधिष्ठिर दुसऱ्यांदा खेळावयास बसला, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरीं घेऊन उठला. पहिल्या डावाची व्यथा त्यास होती. परीक्षण झालें नव्हतें. पुढें वनांत बृहदश्व ऋषि त्यास नलाची कथा सांगतात. तींत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती, तें रथांतून पाहून सांगतो, आणि नल झाड पाडून प्रत्यक्ष मोजतो. मोजणी जुळते, तेव्हांच तो ती विद्या मागतो. कथा संपल्यावर बृहदश्व तें अक्षहृदय युधिष्ठिरासही देतात. दुःखी माणसास सांत्वन पुरेसें होतें, पण ऋषींनीं त्यास गणना शिकविली, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच, कीं यशाच्या वेळीं आपण स्वतःची जितकी कसून तपासणी करूं, तितकीच ममता अपयशाच्या वेळीं स्वतःवर व दुसऱ्यावर ठेवण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल. ज्या घरांत मोठ्या निर्णयाच्या आदल्या रात्रीं चार ओळी लिहून ठेवण्याची रीत पडेल, त्या घरांत पुढें, निकाल कसाही लागो, एकमेकांस बोल लावण्याचे प्रसंग निःसंशय कमी येतील.