सुया, लेखणी आणि घरखर्चाची वही

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांनी पासष्टी ओलांडली होती. दोन वर्षांनी त्या गेल्या. मराठी गद्यातले हे अव्वल पुस्तक इतक्या उशिरा का आले, याचे उत्तर त्याच पुस्तकात पानोपानी सापडते. त्यांचे पती रेव्हरंड टिळक हाती आलेला पैसा समोरच्याची नड पाहून देऊन टाकत आणि उद्या चूल कशी पेटायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. बिऱ्हाडे बदलत राहिली, घरातली माणसे वाढत गेली, दुखणी-खुपणी निघाली. सांगण्याची हातोटी त्यांच्याजवळ पहिल्यापासून होती. सलग वेळ मात्र कधी नव्हता, आणि तो त्यांच्यासाठी राखून ठेवावा असे घरात कुणाला सुचण्याचा तो काळही नव्हता.

आज काळ बदलला आहे, पण प्रश्न पुरता सुटलेला नाही. बेताच्या मिळकतीत घर चालवायचे, हातात विणकाम ठेवायचे आणि शिवाय कथा-कविता लिहायच्या, असा तिहेरी संसार करणाऱ्या बायका मराठी घरांत कमी नाहीत. त्यांना सर्रास ऐकवले जाते की आवड असली की सवड मिळते. हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण ते खरे नाही. आवड माणसाच्या स्वतःच्या हातात असते, सवड मात्र घरातल्या सगळ्यांकडून मिळावी लागते. आणि विणकामाला लागणारी सवड निराळी, लेखनाला लागणारी निराळी. दोन्ही ‘हिचे छंद’ म्हणून एकाच खणात टाकले की नुकसान लेखनाचे होते.

विणकाम अडथळे सोसते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, दारात कुणी आले, मुलाने गणित विचारले, तर ओळ संपवून सुया खाली ठेवता येतात. टाके सुईवर तसेच राहतात. तासाभराने, आठवड्याने, क्वचित दोन वर्षांनीही ते तिथेच असतात. एसटीच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, मुलांच्या क्लासबाहेर थांबताना दहा-वीस ओळी सहज होतात. लेखनाचे तसे नाही. अर्धे सुचलेले वाक्य गॅस बंद करून येईपर्यंत थांबत नाही. एखाद्या पात्राच्या तोंडचा सूर कानात बसायलाच अर्धा तास लागतो आणि मोडायला एक हाक पुरते.

अमेरिकन लेखिका टिली ओल्सन यांच्याइतके हे स्पष्टपणे फार थोड्या जणांनी मांडले आहे. त्यांचा जन्म 1912चा. चार मुली, पोटासाठी नोकऱ्या, घरचे सगळे काम. विशीत सुरू केलेली कादंबरी बाजूला पडली. ‘टेल मी अ रिडल’ हा चार कथांचा संग्रह 1961मध्ये आला तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्यातल्या पहिल्या कथेतली आई इस्त्री करता करता आपल्या थोरल्या मुलीबद्दल बोलते आहे. पुढे 1978च्या ‘सायलेन्सेस’ या पुस्तकात ओल्सन यांनी बसमधल्या आणि रात्री कामे आटोपल्यावरच्या आपल्या लेखनाबद्दल लिहिले. आई असणे म्हणजे कुठल्याही क्षणी हाकेला ओ द्यायला तयार असणे, आणि लेखनाला नेमकी ती तयारी बाधते, हा त्यांचा मुद्दा आहे. न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेब मांडणारे ते पुस्तक आजही अंगावर येते.

विणकामाला घरात आणखी एक सवलत असते. ते दिसते. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी थोडे दिवस, त्यामुळे इथले बरेचसे विणकाम बाळांसाठी होते. नात्यात कुणाला दिवस गेले की बाळंतविड्याची तयारी सुरू होते: टोपडे, पायमोजे, झबले, दुपटे. गुंड्यातली लोकर कमी होताना आणि टोपड्याला आकार येताना घर रोज पाहते. लेखन करणारी बाई मात्र कागदापुढे नुसती बसलेली दिसते. तासभर बसून तिने चार ओळी खोडल्या असतील, तोच त्या दिवसाचा खरा कामाचा तास असेल, पण पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते आणि रिकाम्या माणसाला काम सांगायला घर कचरत नाही. मग लिहिणारी बाई स्वतःच हातात सुया घेते, कारण सुया घेऊन बसलेल्या बाईला कुणी ‘नुसती बसलीस का’ असे विचारत नाही.

म्हणून विणकाम हे लेखनाचे वैरी ठरवावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हात गुंतलेले आणि डोके मोकळे, अशा स्थितीत शब्द सुचतात, याचा पुरावा मराठी मुलखाइतका क्वचितच कुठे असेल. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. त्या रचणाऱ्या बायकांजवळ ना टेबल होते ना वही. पहाटेचे दळण होते आणि त्याची लय होती. बहिणाबाई चौधरी शेतात आणि घरात राबता राबता रचत गेल्या. लिहिता येत नव्हते, म्हणून इतरांनी टिपून ठेवले ते उरले, आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, 1952मध्ये, पुस्तक होऊन लोकांसमोर आले. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या तसे बायकांचे मोठे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण हात चालू आणि मन मोकळे असलेली ती पहाटही त्याबरोबर गेली.

साधे विणकाम ती पहाट काही प्रमाणात परत देते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा विणीत शंभर टाके असले तरी बोटे आपोआप चालतात. कथेतला अडलेला प्रसंग अशा वेळी सुटतो. मात्र जाळीची नक्षी निराळी. दोन टाके एकत्र, सुईवर वेढा, तीन सुलट, पुन्हा वेढा, असे मोजत गेले की वाक्य रचणारे तेच मन टाके मोजण्यात खर्ची पडते. ज्या महिन्यात कथा पुरी करायची त्या महिन्यात सुयांवर सरळसोट काम ठेवावे, आणि नक्षीची शाल कथा हातावेगळी झाल्यावर घ्यावी. दोन अवघड कामे एकाच वेळी काढणाऱ्यांच्या घरात दोन्ही अर्धवट राहतात, आणि अर्धवट कामाचे ओझे पुऱ्या कामापेक्षा जास्त असते.

ही सांगड ज्यांनी उत्तम घातली त्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचे नाव घ्यायलाच हवे. 1910मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई 1937मध्ये अमेरिकेत आल्या आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी घर केले. नवरा, तीन मुले, टपालाने लोकर विकण्याचा घरगुती धंदा. स्वेटर गोल, बिनशिवणीचा विणायचा हा त्यांचा आग्रह होता. त्यांची कृती छापताना ती पाठ आणि पोट वेगळे विणण्याच्या पद्धतीत बदलली गेली, तेव्हा त्यांनी 1958मध्ये स्वतःचे पत्रक काढले. ‘निटिंग विदाउट टियर्स’ 1971मध्ये आले आणि ‘निटर्स अल्मनॅक’ 1974मध्ये. हे दुसरे पुस्तक बारा महिन्यांचे आहे. प्रत्येक महिन्याला एक विणकाम आणि त्या महिन्यातल्या घराच्या चालीविषयी मोकळे, नेटके गद्य. जुलै हा त्यांचा हिंडण्याचा महिना, म्हणून त्यात शाल दिली आहे, जिच्यात बराच वेळ नुसते सुलट टाके घालत जायचे. पुढच्या हिवाळ्याचे हातमोजे मे महिन्यातच विणायला घेतले आहेत. घर कधी ओढते आणि कधी सैल सोडते, हे पाहून त्यांनी काम ठरवले.

त्यांची स्वेटरची रीत तर काटकसरी बुद्धीचा नमुना आहे. आधी हातभर नव्हे, चार बोटे तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचे. समजा पाच बसले आणि छातीचा घेर चाळीस इंच हवा आहे. पाच गुणिले चाळीस, म्हणजे दोनशे टाके. हा आकडा शंभर टक्के धरायचा. मनगटाला त्याचे वीस टक्के, म्हणजे चाळीस टाके. दंडाला एक-तृतीयांश, म्हणजे सहासष्ट. गळ्याला चाळीस टक्के, ऐंशी टाके. एका आकड्यावरून पुरा स्वेटर उभा राहतो. छापील कृती विकत घ्यायला नको, हवी तीच लोकर शोधत फिरायला नको. घरात असेल ती लोकर आणि समोर असेल ते माणूस, एवढ्यावर काम भागते.

आता काटकसरीकडे वळू, कारण या विषयात सर्वांत जास्त गैरसमज तिच्याविषयी आहेत. एके काळी विणकाम आणि काटकसर एकाच घरात नांदत. थोरल्याचा स्वेटर तोकडा झाला की बाह्यांच्या शिवणी कापायच्या, गळ्याशी शेवटी बंद केलेल्या टाक्यांचे टोक शोधायचे आणि तिथून उसवत जायचे. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार जागी सुती दोऱ्याने सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता निथळत ठेवायची. खाली हलकेसे वजन बांधले की धाग्याचे वळसे सरळ होतात. कोपरांवरची लोकर झिजून तुटलेली असायची. तेवढी तूट दुसऱ्या रंगाच्या पट्ट्यांनी भरून धाकट्याचा स्वेटर तयार व्हायचा. ही खरी बचत होती. युद्धकाळात ब्रिटनने 1941मध्ये कपड्यांना रेशन लावले आणि 1943मध्ये जुने दुरुस्त करून वापरण्याविषयी सरकारी पुस्तिका काढली. त्यातला उपदेश आपल्याकडच्या आज्यांना नवा वाटला नसता.

आज लुधियानाच्या कारखान्यांतले तयार स्वेटर गावच्या बाजारातही मिळतात. चांगली शुद्ध लोकर आणून मोठ्या माणसाचा स्वेटर विणला तर पुष्कळदा नुसत्या लोकरीचीच किंमत तयार स्वेटरच्या वर जाते, आणि कित्येक संध्याकाळी जातात त्या वेगळ्या. म्हणून नवी लोकर आणून केलेल्या विणकामाला बचतीचे नाव देणे थांबवावे. ती कला आहे, आनंद आहे, कुणावर केलेली माया आहे. घरखर्चाच्या वहीत तिला त्याच नावाने जागा द्यावी आणि ती देताना मनात अपराधी वाटून घेऊ नये. बचत करायचीच तर ती कपाटात पडून असलेली लोकर संपवण्यात आहे, आणि सुयांवर अडकून पडलेले काम एकतर पुरे करण्यात किंवा उसवून लोकर मोकळी करण्यात आहे.

पण काटकसरीचा सगळ्यात मोठा खर्च वहीत कधी लिहिलाच जात नाही. मसाला घरी कुटला, पापड घरी लाटले, साडीला घरी फॉल लावला, भाजी स्वस्त मिळते म्हणून लांबच्या मंडईत पायी गेले. प्रत्येक ठिकाणी रुपये वाचले आणि प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी वेळ गेला. तो ‘कुणाचा तरी’ कोण, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्राच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला 289 मिनिटे त्यात जातात. पुरुषांचे 88. म्हणजे घर वाचवते ते पैसे सगळ्यांचे होतात आणि त्यासाठी मोजलेला वेळ एकीचा असतो. विणकाम या 289 मिनिटांच्या फटींत बसते. लेखन बसत नाही.

मराठी लेखिकेची आणखी एक अडचण पंचांगातच आहे. दिवाळी अंकांसाठी साहित्य मागितले जाते ते साधारण आषाढ-श्रावणात, आणि कथा हातातून सुटायची वेळ येते ती गौरी-गणपतीच्या आसपास. श्रावणातले उपास आणि सवाष्णी, गणपतीचे पाहुणे, पितृपक्षाचे स्वयंपाक, नवरात्रातली साफसफाई, सगळे एकाला एक लागून येते. वर्षातले घरकाम जेव्हा सर्वांत जड असते त्याच आठवड्यांत मराठीतली मोठी लेखनसंधी येते. ज्या लेखिका हे निभावतात त्यांचे कौतुक व्हावे. ज्यांना जमत नाही त्यांच्यात जिद्द कमी आहे असे मात्र कुणी म्हणू नये.

व्हर्जिनिया वूल्फ यांनी 1929 साली बाईला लिहायला वर्षाचे पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी, असे मांडले. वूल्फ स्वतः विणकाम करत. बहिणीने काढलेल्या एका चित्रात त्या खुर्चीत बसून विणताना दिसतात. त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दोन खोल्यांच्या मराठी घरात स्वतंत्र खोलीचा हट्ट धरता येणार नाही. ठरलेला तास मात्र मागता येतो. तो रोजचा नसला तरी चालेल. आठवड्यातून दोन सकाळी असू दे, पण त्या पक्क्या असाव्यात. त्या वेळी हाक मारायची नाही, कुरिअर दुसऱ्या कुणी घ्यायचे, नाश्ता दुसऱ्या कुणी करायचा. पोहे भिजवायला आणि भाजी निवडायला लेखिकाच लागते असे नाही.

ज्या घरात कुणी लिहिते, त्या घरातल्या बाकीच्यांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या आषाढात घरखर्चाच्या वहीत किराणा आणि वीजबिलाखाली लेखनाच्या तासांची एक ओळ घाला, आणि त्या तासांतली कामे कोण करणार त्याचे नाव समोर लिहा. पापड एक वर्ष विकत आणा. दोनशे-चारशे रुपये जास्त जातील. ते जाऊ द्या.