कोणापुढे अज्ञ व्हावे? : प्रौढ वयातील भाषाशिक्षणाचा नैतिक प्रश्न

प्रौढ वयात परभाषा शिकण्याचा विचार सामान्यतः उपयुक्ततेच्या किंवा छंदाच्या अंगाने केला जातो. नोकरी, स्थलांतर, सेर्वान्तेस किंवा बोर्हेस मुळातून वाचण्याची ओढ अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतात. अमरावती-अकोल्यात राहून स्पॅनिश शिकू इच्छिणाऱ्याला आज पुण्या-मुंबईच्या वर्गांवर अवलंबून राहावे लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो. परंतु या साध्या वाटणाऱ्या व्यवहारात एक नैतिक प्रश्न अनुस्यूत आहे आणि त्याची व्हावी तशी चर्चा झालेली नाही. भाषा निवडणारा प्रौढ माणूस, त्याच्या ध्यानात येवो वा न येवो, आपली चूक दाखवण्याचा अधिकार कोणाला द्यायचा हे ठरवत असतो.

मुलाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) या ग्रंथात विट्गेन्स्टाइनने संत ऑगस्टीनच्या भाषाशिक्षणविषयक वर्णनावर घेतलेला आक्षेप येथे उपयोगी पडतो. ऑगस्टीनने रंगवलेले मूल परक्या देशात आलेल्या माणसासारखे आहे; त्याच्याजवळ एक भाषा जणू आधीच आहे, फक्त ही भाषा नाही, असा त्या आक्षेपाचा आशय. मुलाविषयीचे वर्णन म्हणून ते सदोष असेल. प्रौढ विद्यार्थ्याला मात्र ते तंतोतंत लागू पडते. प्रौढाजवळ भाषा असते आणि तिने मिळवून दिलेले स्थानही असते. वाद घालणे, टोमणा परतवणे, गप्प राहूनही आपला मान राखणे हे सारे त्याला स्वभाषेत साधते. नव्या भाषेत पाणी मागतानाही त्याची अडचण होते. (स्पॅनिशमधील 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, तरी एकवचनात तिला पुल्लिंगी 'एल' लागतो, चाळिशीतल्या माणसाने हे मुकाट्याने पाठ करावे लागते.) मुलाला गमावण्यासारखे काही नसते. प्रौढाला असते, आणि म्हणूनच त्याच्या अज्ञानाला नैतिक अर्थ प्राप्त होतो.

हा अर्थ नेमका कोणता, याचे उत्तम विवेचन आयरिस मर्डॉक यांनी केले आहे. 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' (१९७०) या पुस्तकात त्या रशियन शिकण्याचे उदाहरण घेतात. शिकणाऱ्यापुढे एक अधिकारसंपन्न रचना उभी असते. ती त्याच्या इच्छेप्रमाणे वाकत नाही, तिच्यापुढे त्यालाच नमावे लागते, आणि या नमण्यातून तो स्वतःच्या बाहेर पडतो. येत नसलेले येते असे भासवता येत नाही, हा प्रामाणिकपणाही तो तेथेच शिकतो. हे मला मान्य आहे. तथापि मर्डॉक यांची नम्रता रचनेपुढची आहे, माणसापुढची नाही. व्याकरणापुढे लहान होण्यात प्रतिष्ठेची हानी होत नाही. उलट ती वाढते. आणि कोणत्या भाषेपुढे, हा प्रश्न त्या विचारीत नाहीत. रशियन काय, स्पॅनिश काय, त्यांच्यामागे महान साहित्य आहे, कोश आहेत, परीक्षा आहेत; स्पॅनिशची राजमान्य अकादमी तर १७१३ पासून आहे. अशा भाषेपुढे नमणारा माणूस समाजात आधीच वर असलेल्या गोष्टीपुढे नमत असतो.

वऱ्हाडात भाषिक दुरुस्तीला एक उतार आहे. घरी 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'मला', 'तुला' शिकवले जाते. त्यात सूक्ष्म अवमान असतो; तो येथील बहुतेक शिकलेल्यांनी सोसलेला आहे. याच शाळेतून घडलेला अकोल्याचा किंवा दर्यापूरचा शिक्षक पुढे मेळघाटात नेमला गेला की तो धारणीच्या कोरकू मुलाची मराठी दुरुस्त करू लागतो. दुरुस्ती अशी वरून खाली येते. खालून वर जात नाही. स्पॅनिशचे आकर्षण या संदर्भात पाहिले तर तिची टवाळी करावीशी वाटत नाही. तिच्यात शिरणाऱ्या वऱ्हाडी माणसाचे वऱ्हाडीपण कोणाला ऐकू येत नाही. या उताराबाहेरची ती एक मोकळी जागा आहे. शिवाय 'मे गुस्ता' ही रचना इंग्रजी भाषकाला जेवढी अडते तेवढी 'मले आवडते' म्हणणाऱ्याला अडत नाही! पण ही मोकळीक मिळाली तरी उतार जागच्या जागी राहतो.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी वा शेजारच्या गोंडीशी तिचे कुळाचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे सात लाख सत्तावीस हजार लोक नोंदले गेले, मुख्यतः मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात. तिच्याच कुळातील संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. कोरकू अद्याप बाहेर आहे. अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे आणि धारणी व चिखलदरा हे तालुके याच जिल्ह्यात आहेत. आठवडी बाजारात, रेशन दुकानात, दवाखान्यात कोरकू माणूस मोठेपणी मराठी शिकतो, बहुधा हिंदीही शिकतो; त्याच्या या कर्तबगारीला कोणी भाषाभ्यास म्हणत नाही. आपण स्पॅनिश शिकलो तर तो व्यासंग, त्याने मराठी शिकली तर ती सुधारणा. या दोन शब्दांतले अंतर हाच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

कोरकू शिकण्याची साधनेच नाहीत, ही सबब टिकणारी नाही. जॉन ड्रेक या मिशनऱ्याचे कोरकूचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्यात छापले गेले, के. एस. नागराज यांचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असलेले पुस्तक १९९९ चे आहे. ड्रेकचे उदाहरण मात्र अडचणीचे आहे. ज्यांना समाजाने खाली ठेवले होते त्यांच्यापुढे अज्ञ होण्याची तयारी त्याने दाखवली, पण ती त्यांना बदलण्यासाठी. सोळाव्या शतकात मेक्सिकोत स्पॅनिश धर्मोपदेशकांनी नाहुआत्ल शिकून तिची व्याकरणे रचली, त्यांचेही असेच होते. त्यांची भाषिक नम्रता खोटी म्हणता येत नाही, कारण खोट्या नम्रतेने व्याकरण लिहून होत नाही. परंतु ती भाषेपुरतीच होती. उच्चार चुकला तर ऐकून घ्यायचे, श्रद्धेविषयी मात्र ऐकून घ्यायचे नाही, अशी ती विभागणी आहे.

हा उतार एकदा उलटला होता, तोही याच जिल्ह्यात. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. संस्कृतात प्रश्न करणाऱ्या पंडितांना नागदेवाचार्यांनी दिलेले उत्तर 'स्मृतिस्थळा'त आहे : ती भाषा आपल्याला कळत नाही, श्रीचक्रधरांनी आपल्याला मराठीत सांगितले, तेव्हा मराठीतच विचारा. हा प्रसंग आपण मराठीच्या अभिमानासाठी वापरून गुळगुळीत केला आहे. त्यातील खरी नाट्यमयता अशी की येथे अज्ञान लपवले जात नाही. तेच अधिकाराने सांगितले जाते आणि लहान होण्याची पाळी पंडितांवर येते. आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. सांप्रदायिक परंपरेनुसार चक्रधर भडोचचे. म्हणजे ज्या मराठीचा असा कैवार घेतला गेला ती गुरूने जन्माने मिळवलेली नव्हती. इ.स. १२७८ च्या सुमाराच्या 'लीळाचरित्रा'ला आपण मराठी गद्याचा आरंभ मानतो. त्याच्या केंद्रस्थानी बाहेरून येऊन मराठी झालेल्या माणसाचे बोलणे आहे, आणि ते आपल्यापर्यंत पोचले ते मऱ्हाटी शिष्यांच्या स्मरणातून. आधुनिक काळात ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत आणले (१९८४) आणि शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला (१९९९). जुना शब्द अडला की मराठीचे प्राध्यापक तो कोश उघडतात. मोठेपणी शिकलेली भाषा परकीच राहते, हे विधान रिद्धपुराच्या संदर्भात तरी फार सांभाळून करावे लागेल.

तेव्हा मेळघाटात नेमलेल्या मराठी शिक्षकाने कोरकू शिकावी, ही मागणी अव्यवहार्य म्हणून बाजूला सारता येणार नाही. मुलांना पाठ समजावा हा तिचा हेतू आहेच, पण तेवढाच हेतू असेल तर ड्रेकचीच विभागणी पुन्हा पत्करली जाईल. शिक्षक मुलांसमोर चुकणारा होतो, हा तिचा अधिक महत्त्वाचा परिणाम. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद कोरकूत आहे. तो मराठीलाही आहे, म्हणून शिक्षकाला जड जाणार नाही. पण तिच्यात द्विवचनही आहे, त्यामुळे 'आपण दोघे' आणि 'आपण सगळे' यांना वेगळी सर्वनामे लागतात. संस्कृतचे द्विवचन आपण शाळेत घोकले, आणि ते चुकल्याचे तांबड्या शाईने कळत असे. कोरकूचे चुकले तर ते सांगू शकणारी त्या वर्गात फक्त मुलेच असतात.