कुऱ्हाड आणि घोडा

मेलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न शास्त्रात कधीच सुटला आहे म्हणतात. आमच्या खानदेशात तो गल्लीतली चार वडीलधारी मंडळी सोडवतात. गंधमुक्तीला पंगत किती पानांची, गोड काय आणि पेपरातल्या जाहिरातीत ‘शोकाकुल’खाली कोणाकोणाची नावे, हे तीन मुद्दे मिटले की मृतात्म्याला शांती लाभते. त्यातूनही एखाद्या साडूचे नाव राहिले, तर मग कोणालाच लाभत नाही.

नागपूरहून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी आहे. तिथल्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत, तीनशेच्या आसपास. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांच्यावर लिहिले. ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफने. जवळच माहुरझरीला शां. भा. देव यांनी 1970 च्या सुमारास उत्खनन केले, तेव्हा मृतांशेजारी लोखंडी हत्यारे, मणी आणि चक्क घोड्यांची हाडे निघाली. घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साजसुद्धा!

हे मी घरी वाचून दाखवले, तर सौ. म्हणाली, “अहो, एवढं लोखंड मातीत घातलं? घरात चार विळे झाले असते!”

मुद्दा बिनतोड आहे. नाइकुंडला त्या काळची लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे. दगडातून लोखंड काढायचे म्हणजे कोळसा, भाता आणि अंगाचा घाम. एवढ्या कष्टाची कुऱ्हाड मातीत ठेवायची! बँकेतल्या माणसाला हे बघवत नाही. नावे टाकायचे, पण जमेला काहीच नाही. वसुली कोणाकडून करणार?

तुम्ही म्हणाल, तीही लोकांना दाखवायचीच हौस. असेल. दगड रचायला अख्खा गाव लागला असणार, आणि गाव जमला की बोलणे आलेच. पण त्या वर्तुळांवर ना मेलेल्याचे नाव, ना शोकाकुलांची यादी. कुऱ्हाड एकदा मातीआड गेली की तिचे कौतुक कोण करणार? ज्याच्याकडून काही परत येणार नाही, त्याला आपल्या कामाची वस्तू द्यायची, याहून निखळ देणे मला तरी सुचत नाही.

फक्त त्या घोड्यापाशी माझे गाडे अडते. कुऱ्हाड देणाऱ्याची होती; जीव घोड्याचा होता. आपल्या मायेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायची ही रीत एवढी जुनी आहे तर! आजही थोरला भाऊ मोठ्या मनाने पाचशे पाने उठवतो आणि सावकाराचे व्याज पुढची चार वर्षे धाकटा भरतो. गल्ली म्हणते, “थोरल्याने बापाचं नाव काढलं हो!” धाकट्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणून आमचे साधे मत असे, की मेलेल्याला द्यावे, हिशेब न मांडता द्यावे, पण आपले द्यावे. कुऱ्हाड खुशाल ठेवावी. घोड्याला मात्र चरायला सोडून द्यावे.